छडी, कॅमेरा आणि दाखला

अमेरिकेतील एखाद्या शाळेत गोळीबार झाल्याची बातमी आली, की आपल्या घरोघरी एकच उद्गार निघतो : ‘ही त्यांची संस्कृती! आपल्याकडे असे होणे नाही.’ आणि वर्तमानपत्राचे पान उलटले जाते. या समाधानाला आमचा आक्षेप आहे. ते खोटे आहे, एवढ्यापुरताच हा आक्षेप नाही. अशा समाधानाच्या आडोशाला आपल्याच मुलांचे हाल सुखेनैव चालू राहतात, म्हणून ते घातकही आहे.

प्रथम ‘आपल्याकडे असे होणे नाही’ या विधानाचा समाचार घेऊ. २००७ च्या डिसेंबर महिन्यात गुडगावच्या एका शाळेत आठवीतील दोन मुलांनी घरातून वडिलांचे पिस्तूल आणले आणि चौदा वर्षांच्या वर्गमित्राला गोळ्या घालून ठार केले. २०१२ च्या फेब्रुवारीत चेन्नईत नववीतील एका विद्यार्थ्याने आपल्या शिक्षिकेचा वर्गातच चाकूने खून केला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अहमदाबादेत आठवीतील मुलाने दहावीतील मुलाला भोसकले. तो मुलगा दगावल्यावर संतप्त जमाव शाळेत घुसला, सामानसुमानाची मोडतोड झाली, कर्मचाऱ्यांना मारहाण झाली. मुलांच्या हिंसेला वडीलधाऱ्यांनी दिलेले हे उत्तर! मुलांनी यातून कोणता धडा घ्यावा?

परंतु गुडगाव आणि अहमदाबाद दूर आहेत. आम्हांस बोलायचे आहे ते चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या वनप्रदेशाविषयी. १९८२ साली जुन्या चांदा जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला आणि त्यानंतरच्या चार दशकांत तेथील मुलांच्या पिढ्या दोन बंदुकांच्या मधोमध वाढल्या. लाहेरीजवळ २००९ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा पोलिस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा जवान व त्यांचा वाहनचालक यांचा बळी गेला. या घटनांचे आकडे सरकारदरबारी आहेत. त्या पाहत, ऐकत मोठ्या झालेल्या बालमनांची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. गावोगावच्या भरमार बंदुकाही लोक पोलिसांकडे जमा करीत आले आहेत. हे सर्व स्वागतार्ह आहे. मात्र बंदूक जमा करता येते. ‘ज्याचा हात वर, त्याचे खरे’ ही शिकवण कोणत्या ठाण्यात जमा करायची? ती शिकवण मोडून काढण्याची जागा शाळा हीच होय. दुर्दैव असे, की अनेकदा शाळाच ती शिकवण पक्की करते.

भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, जिवती या तालुक्यांतील कित्येक मुलांची शाळा म्हणजे आश्रमशाळा किंवा वसतिगृह. सहा-सात वर्षांचे लेकरू आईचे बोट सोडून तेथे येते. घरी ते माडिया वा गोंडी बोलत असते; येथे सारा व्यवहार मराठीचा. त्याच्या बोलण्याला हसतात, त्याच्या आडनावाला हसतात. रात्री ते ज्या खोलीत निजते, तेथे राज्य असते ते मोठ्या मुलांचे. त्यांचे कपडे धुवायचे, बादलीभर पाणी आणून द्यायचे, ताटातला चांगला घास त्यांना काढून द्यायचा. नाही म्हटले तर रात्री दिवा मालवल्यावर हिशेब. अधीक्षकाने दहावीतल्याला थोबाडीत द्यावी, दहावीतल्याने सहावीतल्याला बडवावे, आणि सहावीतल्याने पहिलीतल्या पोराचा कान पिरगळावा, अशी ही उतरंड आहे. सर्वांत खालच्या मडक्याला दाद मागायला कोणीच नाही. मग कधी ते मूल पळून जंगलवाटेने घराकडे निघते, कधी मुके होते. आणि कधी, वर्षानुवर्षे साठलेला राग हातात दगड घेतो.

हे थांबवण्याचे तीन उपाय आपल्या पालकसभांतून हटकून सुचवले जातात. छडी, कॅमेरा आणि दाखला. तिन्हींचा परामर्श घेऊ.

छडीचे समर्थक म्हणतात, धाक उरला नाही म्हणून मुले बिघडली. वस्तुतः २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला मनाई केली आहे. म्हणजे छडी उगारणारा शिक्षक मुलांना पहिला धडा देतो तो कायदा मोडण्याचा. पण कायदा बाजूला ठेवू. आपल्या वाचकांना संत जॉन बॉस्को अपरिचित नाहीत. नऊ वर्षांच्या त्या मुलाने स्वप्नात भांडणारी, शिवीगाळ करणारी पोरे पाहिली आणि तो मुठी आवळून त्यांच्यावर धावून गेला. तेव्हा त्याला सांगण्यात आले, की ही पोरे ठोशांनी जिंकता येणार नाहीत, ती सौम्यतेने आणि मायेने जिंकावी लागतील. पुढे तुरिनच्या रस्त्यांवरच्या, तुरुंगाची हवा खाऊन आलेल्या मुलांमध्ये आयुष्य घालवून त्यांनी १८७७ साली आपली प्रतिबंधक शिक्षणपद्धती शब्दबद्ध केली. अपराध घडल्यावर दंड करण्यापेक्षा अपराध घडूच नये अशा रीतीने मुलांच्या सोबत असावे, हे तिचे सार. १८८४ साली रोमहून लिहिलेल्या पत्रात त्यांची खंत होती, की मधल्या सुट्टीत शिक्षक आपसांत बोलत उभे राहतात आणि मुले एकटी पडतात. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली; आपल्या कोणत्या शाळेच्या मैदानाला हे लागू नाही?

दुसरा उपाय कॅमेऱ्याचा आणि पहारेकऱ्याचा. अमेरिकेत या उपायाची परीक्षा होऊन गेली आहे. २० एप्रिल १९९९ रोजी कोलंबाईन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी बारा मुले आणि एक शिक्षक यांना ठार केले, त्या दिवशी त्या शाळेवर सशस्त्र पोलिस नेमलेला होता. २४ मे २०२२ रोजी टेक्सासातील युवाल्डे येथे एकोणीस बालके व दोन शिक्षिका मारल्या गेल्या; तेथे पावणेचारशेच्या आसपास पोलिस जमले होते आणि वर्गाचे दार उघडायला त्यांना तासाहून अधिक वेळ लागला. आम्ही कॅमेऱ्याच्या विरोधात नाही. लहान मुलींच्या रक्षणासाठी तो हवाच. पण खोलीतल्या कुजबुजीतली धमकी त्याला ऐकू येत नाही. शिवाय वीज गेली, की तो आंधळाही होतो. आणि आमच्या भागात पावसाळ्यात ती किती वेळ जाते, हे आम्ही सांगायला नको.

तिसरा उपाय सर्वांत सोपा आणि म्हणून सर्वांत लाडका. दांडगट मुलाच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला ठेवायचा. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही असे तोच कायदा सोळाव्या कलमात सांगतो. तरी ‘पालकांनी स्वखुशीने नेला’ अशी पळवाट सापडतेच. असा मुलगा जातो कुठे? चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ या काळात दारूबंदी होती. ती उठवताना शासनाने जी कारणे दिली, त्यांत स्त्रिया व मुले अवैध दारूच्या धंद्यात ओढली गेल्याचेही कारण होते. शाळेने टाकलेल्या मुलाला उचलून घेणारे हात गावात नेहमीच तयार असतात. दाखला देऊन शाळेची जबाबदारी संपत असेल. समाजाची तेथून सुरू होते.

मग करावे काय? अमेरिकेच्या गुप्त सेवेने व शिक्षण खात्याने १९७४ ते २००० या काळातील सदतीस शालेय हल्ल्यांचा अभ्यास करून २००२ साली अहवाल दिला. त्यातील चार गोष्टी आपण मनावर कोरून घ्याव्यात. दहापैकी आठ प्रकरणांत हल्ल्याचा बेत आधीच कोणाला तरी ठाऊक होता, आणि ते कोणी तरी बहुधा बरोबरीचे मूलच होते. दहापैकी नऊहून अधिक हल्लेखोरांचे वर्तन पाहून आधीच कोणाला तरी काळजी वाटली होती. सुमारे सत्तर टक्के हल्लेखोरांना आपला छळ झाला असे वाटत होते. आणि दोन-तृतीयांशांहून अधिक प्रकरणांत बंदूक आली ती स्वतःच्या किंवा नातलगाच्या घरातून.

याचा अर्थ असा, की हिंसा अचानक येत नाही; ती येण्याआधी मुलांना तिची चाहूल लागते. ती मुले मोठ्यांना का सांगत नाहीत? कारण आपण त्यांना ‘चहाडी करू नये’ असे शिकवतो. आणि सांगणाऱ्याचे नाव सर्वांसमोर फोडून त्याला रात्री मार खाऊ घालतो. एखाद्याला शिक्षा व्हावी म्हणून केलेली चहाडी वेगळी आणि एखाद्याचा जीव वाचावा म्हणून दिलेली खबर वेगळी. हा फरक धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवला जाणार नसेल, तर कोठे शिकवला जाईल? काइनाने हात उचलण्यापूर्वीच परमेश्वराने त्याला त्याच्या उतरलेल्या चेहऱ्याचे कारण विचारले होते. तो प्रश्न मोठ्यांनी वेळेवर विचारायचा असतो.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक वसतिगृहात मुलांची भाषा बोलणारा, त्यांच्या पंगतीत जेवणारा आणि त्यांच्या शेजारी निजणारा एक तरी जबाबदार प्रौढ माणूस असावा. मोठ्या मुलांच्या हाती लहानांना शिक्षा करण्याचा अधिकार मुळीच देऊ नये. १९९९ चा महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा वसतिगृहांनाही लागू आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, हे भिंतीवर लिहावे. १०९८ हा बालसाहाय्याचा क्रमांकही लिहावा. तक्रारपेटी पालकांच्या समक्ष उघडावी. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समित्यांत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत असा नियम आहे. विनाअनुदानित संस्थांना तो लागू नाही, म्हणून आपल्या मिशनच्या संस्थांनी तो आपण होऊन पाळावा.

आणि भांडण झालेच तर दोघांनाही समोरासमोर बसवावे. हे आम्ही परदेशातून आणलेले नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव सर्वांची सहमती होईपर्यंत बसते आणि मगच निर्णय करते, हे अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ज्यांना आपण रानटी म्हणून हिणवतो, त्यांच्या गावात माणसे बोलून प्रश्न सोडवतात. आणि त्यांची लेकरे सुसंस्कृत करण्यासाठी उघडलेल्या शाळेत ते प्रश्न छडीने सुटतात! हा उलटा न्याय किती काळ चालवायचा?

सुज्ञ पालकहो, दिवाळीच्या सुटीत मुले घरी येतील. टक्केवारी जरूर विचारा. पण त्याआधी विचारा : तुझ्या शेजारी कोण झोपतो? तुला कोणाची भीती वाटते? तू कोणाला मारतोस? शेवटचा प्रश्न टाळू नका. कारण आपले मूल नेहमी मार खाणाऱ्यांतच असते, असे मानण्याचा अधिकार कोणत्याही आईबापाला नाही. मिळालेले उत्तर घेऊन पुढच्या पालकसभेला जा, आणि ते मोठ्याने बोला.