खेळणाऱ्या मुलाचं डोकं रिकामं नसतं

"नुसता उंडारत असतो, डोकं म्हणून लावत नाही," असं आपण मुलांना सहज बोलतो. पण लगोरी फोडायच्या आधी चेंडू कुठे लागेल, आपण कुणीकडे पळू, हे मुलानं मनात पाहिलेलं असतं. पाठोपाठ हातपाय हलतात.

हे मनातलं चित्र मोजायचं कसं? त्याला थर्मामीटर नाही. मुलालाच विचारावं लागतं. कॅनडातल्या संशोधकांनी 7 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी 2014 साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात 11 विधानं आहेत. शिट्टी वाजवून घेतल्या जाणाऱ्या सामन्यांबद्दल नव्हे, तर मोकळ्या वेळच्या धावपळीच्या खेळाबद्दल. मला खेळ जमतोय, मी सवंगड्यांबरोबर खेळतोय, मला मजा येतेय, अशी तीन प्रकारची चित्रं मनात किती वेळा येतात, ते मूल स्वतः सांगतं.

आम्हाला ही पद्धत पटते. वजन-उंची घेताना मूल गप्प उभं असतं. इथे त्याचं म्हणणं हेच माप आहे.

मात्र नुसत्या आकड्यावर जाऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. शाळेतून आली की पाण्याचे हंडे आणि धाकटं भावंड सांभाळणाऱ्या मुलीचा आकडा कमी आला, तर "हिला कल्पनाशक्तीच नाही" असा शिक्का मारणं अन्याय आहे. तिला खेळायला वेळ मिळतो का, जागा आहे का, हे आधी विचारा. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. 2009 चा शिक्षण हक्क कायदा शाळेला मैदान हवं म्हणतो. मैदान नसेल तर दोष मुलाचा नाही. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात, त्यांनी हा प्रश्न लावून धरावा.

घरी प्रश्नावलीची गरज नाही. आज रात्री जेवताना विचारा: आज काय खेळलीस? कोण कोण होतं? खेळताना मनात काय दिसत होतं? उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका. आणि विहारासमोरची मोकळी जागा संध्याकाळी तासभर गाड्यांपासून मोकळी ठेवा. मुलांसाठी, आणि मुलींसाठीही.