एक सरी स्वयंपाकघरासाठी



या पानावर आम्ही नेहमी लागण, पाण्याच्या पाळ्या, खोडव्याची निगा आणि उसाचा हप्ता यांविषयी लिहितो. हप्त्याचा मजकूर तुम्ही आधी वाचता आणि बाकीचा जमलं तर, हेही आम्हाला ठाऊक आहे. आज मात्र तुमच्या-आमच्या ताटाविषयी लिहायचे आहे. ताटाचा संबंध शेताशी आहे, म्हणूनच.

आज दुपारी जेवायला बसाल तेव्हा ताटाकडे जरा नीट पाहा. चपाती, रश्श्याची भाजी, आमटी, भात. सगळं चुलीवरून किंवा गॅसवरून उतरलेलं. कच्चं म्हणाल तर कांद्याची फोड आणि लिंबाची चकती, तीही मटणाच्या दिवशी. आता आपल्या आजीचं ताट आठवा. भाकरी आणि कालवण तर होतंच, पण हिवाळ्यात हरभऱ्याचे कोवळे शेंडे, करडईची कोवळी पानं, बांधावरची पाथरी खुडून आणायची, बारीक चिरायची, त्यात कांदा, तिखट-मीठ आणि वर कच्च्या तेलाची धार. झाला घोळाणा. मुळा पाल्यासकट, मेथी काडीसकट, कांद्याची पात, ओल्या शेंगा, बोरं. कुणी त्याला कच्चा आहार म्हटलं नाही. शेतात जे हाताला लागलं ते तोंडात गेलं, इतकंच.

मग पाट आला, लिफ्ट आल्या, आणि आपण उसाचे मालक झालो. त्याचे आम्हाला दुःख नाही. या पैशातूनच पोरं शिकली, घरं उभी राहिली. पण ज्वारी गेली, तिच्या कडेची करडई गेली, हरभरा गेला. बांध कोरून दोन सऱ्या जास्त काढल्या, तशी बांधावरची बोर गेली. तणनाशक आले आणि पाथरी, घोळ, तांदुळजा यांचा पत्ताच नाही. बागायत वाढली आणि ताट कोरडवाहू झालं. आज बारमाही पाणी असलेला सभासद आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीचा भाव करतो. तोडणीला आलेल्या टोळीतल्या बाया संध्याकाळी बांधाबांधाने फिरून पालेभाजी खुडतात. आपण त्यांच्याकडे बघतो आणि पुढे जातो. खरं तर थांबून विचारायला हवं, यातली कुठली पानं कच्ची खाता?

आता यात बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. मधुमेह हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा रोग, अशी आपली समजूत होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मदतीने झालेली देशव्यापी पाहणी 2023 साली प्रसिद्ध झाली. तीत देशात 10 कोटींवर लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला, आणि खेडी त्यातून सुटलेली नाहीत. गावात दर दोन-चार घरांमागे रक्तदाबाची नाहीतर साखरेची गोळी चालू आहे, हे सांगायला पाहणी कशाला हवी? साखर कारखान्याच्या पत्रिकेने साखरेचं नाव काढावं का, असाही प्रश्न येईल. काढावं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साधारण 25 ग्रॅम, म्हणजे सहा चमच्यांपेक्षा कमी वरची साखर असेल तर बरे, असे सांगते. आपल्याकडे चार कप चहातच तेवढी होते. सभासदाला सवलतीत मिळालेली साखर सभासदानेच संपवली पाहिजे, असा आपल्या पोटनियमात काही नियम नाही.

मात्र एक गोष्ट आधीच बजावतो. कच्चं खाल्लं की साखर उतरते, गोळी बंद करा, असं सांगणारे हल्ली पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका. गोळी डॉक्टरच्या सांगण्यावरच घ्यायची आणि त्यांच्याच सांगण्यावर सोडायची. मुळा, गाजर, काकडी यांचं काम वेगळं आहे. त्यांच्या चोथ्याने पोट भरतं, मग भाताचा दुसरा वाढप आपोआप कमी होतो, आणि सकाळी परसाकडे कुंथत बसावं लागत नाही. क जीवनसत्त्व उकळीने बरेचसे नष्ट होते आणि शिजवलेल्या पाण्याबरोबर निघून जाते. कच्च्यात ते राहते. शंभर ग्रॅम पेरूत ते दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते, संत्र्याच्या चौपटीहून जास्त. आणि बायकांसाठी हे फार मोलाचे आहे. 2019 ते 2021 मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्त कमी असलेल्या निघाल्या. पालेभाजीतलं, बाजरीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. म्हणून भाजीवर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहा तेच लोह अडवून धरतो.

सगळंच कच्चं खावं, असंही आमचं म्हणणं नाही. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. हिरवं तेवढं औषध, असं नसतं. गाजराचंच बघा. त्यातला डोळ्यांना उपयोगी असलेला भाग तेल-तूप असल्याशिवाय नीट अंगी लागत नाही. कोशिंबिरीला दाण्याचं कूट आणि वरून फोडणी, ही आपल्या बायकांची रीत आहे ना, ती शंभर टक्के बरोबर आहे.

आमच्या माहितीतल्या एका सभासदाने मागे कुठेतरी व्याख्यान ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून चूल बंद केली. वाडगाभर मोड आलेली मटकी, अर्धा कोबी, गाजरं, सगळं कच्चं. चौथ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं फुगलं, आणि पाचव्या दिवशी गडी स्टँडवर भजी खाताना सापडला. त्याला आम्ही हसलो, पण चूक साधी होती. आपण म्हशीचा चारा एकदम बदलतो का? कडब्यावरच्या जनावराला एका दिवसात कोवळ्या लुसलुशीत चाऱ्यावर सोडलं तर ते फुगतं. म्हणून आठ-दहा दिवस थोडा थोडा हिरवा चारा वाढवत नेतो. माणसाच्या पोटालाही तेवढी सवड द्या की.

पहिले पंधरा दिवस दुपारच्या जेवणात एकच कच्ची वस्तू ठेवा. काकडी म्हणा, मुळ्याच्या चार फोडी म्हणा, कांद्याची पात म्हणा. ती पचली की रात्रीच्या ताटात मूठभर कोशिंबीर येऊ द्या. चारच्या चहाबरोबर बिस्किटाचा पुडा फोडण्याऐवजी पेरू कापा. मोडाची पाळी सर्वांत शेवटी, आणि तीही मुठीपासून. मोड ताजेच हवेत. वास आला की जनावराला टाका. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बाई यांना मोड वाफवूनच द्यावेत. दात नसलेल्या आजोबांना गाजर किसून द्या. मूत्रपिंडाचं दुखणं असेल त्यांनी आधी डॉक्टरला विचारावं. पाणी दोन तांबे जास्त प्या.

धुण्याची गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. ओढ्याच्या गटारमिश्रित पाण्यावरची भाजी शिजवून खाल्ली तर निभावतं, कच्ची खाल्ली तर जंत आणि जुलाब ठरलेले. बाजारातली पालेभाजी वाहत्या पाण्याखाली पान न् पान वेगळं करून धुवा, कोबीची वरची पानं काढून टाका. आणि विकायच्या भाजीवर परवा काय फवारलं, हे तर आपलं आपल्याला माहीत असतंच.

म्हणूनच आमचं खरं मागणं आरोग्याच्या पानापुरतं नाही, लागणीचं आहे. सुरू उसाची लागण 15 डिसेंबर ते 15 फेब्रुवारीच्या दरम्यान होते. पहिले तीन महिने ऊस हळू वाढतो आणि मधली जागा रिकामीच असते. त्या थंडीत मुळा, मेथी, कोथिंबीर, पातीचा कांदा छान येतो आणि मोठ्या बांधणीच्या आत निघूनही जातो. घराजवळच्या कडेची एकच सरी स्वयंपाकघराच्या नावाने सोडा. टनेज घटेल ही भीती एका सरीने खरी ठरत नाही. फक्त त्या सरीवर आणि शेजारच्या दोन-चार सऱ्यांवर तणनाशक नको, तिथे खुरपंच चालवा. रुंद पानाच्या तणावर मारतात ते औषध वाऱ्याने उडून आलं तरी मेथी-मुळा करपतो. काकडीचा वेल उसात नको, तो बांधावर घ्या.

आणखी एक. सात-बारावर नाव कुणाचंही असो, ही सरी घरातल्या बाईच्या हवाली करा. काय पेरायचं, किती खुडायचं, शेजारणीला किती द्यायचं, हे तिने ठरवावं. आपण पाण्याची पाळी चुकवू नये, एवढंच आपलं काम.

मेथी साधारण महिन्याभरात खुडायला येते, मुळा दीड महिन्यात. यंदा बेण्याच्या मोळ्या ट्रॉलीत भराल तेव्हा बियांच्या दोन पुड्या खिशात असू द्या.