अलिबागचा पोरबंदरी दगड

मुंबईच्या ट्रॅमगाड्या घोड्यांऐवजी विजेवर धावणार असे ठरले, तेव्हा कुलाबा वेधशाळेतील चुंबकसूचीला मुंबई सोडणे भाग पडले. जवळून विद्युत्प्रवाह वाहू लागला, की सूचीचे विचलन पृथ्वीमुळे की ट्रॅममुळे, हे कळेनासे होते. म्हणून नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ साली अलिबागेस नवी वेधशाळा उभी राहिली. तेथे लोखंडाचा खिळाही चालणारा नव्हता. पितळ आणि तांबे वापरले, आणि दगड आणला तो पोरबंदरचा! आम्हा बडोदेकरांना हा ऋणानुबंध मोठा गोड वाटतो.

एवढा खटाटोप कशासाठी? सूर्याकडून वाहत येणारा विद्युत्भारित कणांचा झोत पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर सतत आदळतो. त्या आघाताने चुंबकरेषा तंबोऱ्याच्या तारांसारख्या कंप पावतात, आणि त्यांच्यासह तेथील विद्युत्भारित वायू, म्हणजे प्लाझ्मा, हेलकावे घेतो. त्या लहरी जमिनीपर्यंत पोचतात. परंतु त्यांनी होणारा फरक दहा हजारांत एखाद्या भागाइतका, कित्येकदा त्याहूनही कमी. ट्रॅमच्या गडबडीत ही कुजबुज कोणाला ऐकू यावी?

काही लहरींचा शोध घ्यायला मात्र वरच जावे लागते. अमेरिकेने २०१२ साली सोडलेली 'व्हॅन ॲलन' ही जुळी याने २०१९ पर्यंत पृथ्वीभोवतालच्या प्रारणपट्ट्यांतून फिरत होती. तेथील एका जातीच्या लहरींचे ध्वनीत रूपांतर केले, की पहाटेच्या पाखरांची किलबिल ऐकल्याचा भास होतो. शास्त्रज्ञ तिला 'कोरस' म्हणतात. हीच किलबिल इलेक्ट्रॉनांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळविते, असे या यानांच्या मोजणीतून दिसून आले. असे इलेक्ट्रॉन उपग्रहांचे वैरी. जानेवारी १९९४ मध्ये त्यांच्या माऱ्यात कॅनडाचे दोन 'ॲनिक' दूरसंचार उपग्रह काही तासांच्या अंतराने बिघडले. आपल्या गच्चीवरील तबकडीला चित्रे पुरविणारे उपग्रहही सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, याच पट्ट्यांच्या बाहेरच्या कडेला असतात.

यानांचे कौतुक आम्हांस आहेच. पण यान एका वेळी एकाच जागी असते आणि त्याचे आयुष्य थोडे. सप्टेंबर १८५९ च्या चुंबकीय महावादळाचा जोर २००३ साली संशोधकांनी अजमावला, तो कुलाब्याच्या जुन्या नोंदींवरून. ती मालिका पुढे अलिबागने चालविली. स्थलांतराच्या वेळी १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या जात होत्या, म्हणून तिचा धागा तुटला नाही.