आडव्या बाटलीची मोजणी
माननीय राज्य उत्पादन शुल्क मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचा हक्क सरकारने बायांना दिला, याबद्दल आधी मनापासून आभार. 2008च्या आदेशानुसार पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. निरक्षर म्हातारीलाही कळेल अशी ही खूण आहे.

माझी तक्रार मोजणीबद्दल आहे. दुकान बंद होण्यासाठी यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा, यादीत हजार नावं आहेत. साडेसहाशे जणी आल्या आणि त्यांतल्या 480 जणींनी आडवी बाटली निवडली. म्हणजे आलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश. तरी दुकान चालूच राहतं!

न आलेल्या साडेतीनशे कोण असतात? कुणी ऊसतोडीला गेलेली, कुणी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात नांदणारी, कुणी वारलेली, पण नाव कमी न झालेली. काही जणी घराबाहेरच पडत नाहीत, कारण नवरा दारात उभा असतो. या सगळ्यांचं न पडलेलं मत उभ्या बाटलीच्या पारड्यात जातं. साहेब, आमदारकीला ही अट लावली तर किती जण विधानसभेत पोचतील?

मतदानाआधी मागणीवरच्या सह्यांची पडताळणी असते. त्या दिवशी मजुरी बुडवून चावडीवर यायचं आणि संध्याकाळी घरी त्याचा जाब द्यायचा. तिथवर पोचलेल्या बाईचं धैर्य कागदावर कुठेच मोजलं जात नाही.

परवान्याचं दुकान बंद केलं की हातभट्टी फोफावते, असं आम्हाला ऐकवतात. भीती खोटी नाही. पण 2015मध्ये मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसं मेली, ती मुंबईत; तिथे परवान्याच्या दुकानांना काय तोटा होता? हातभट्टी थांबते ती पोलीस आणि गाव दोघं मागे लागले तरच. गडचिरोलीत 1993पासून दारूबंदी आहे, तरी नुसत्या बंदीवर न थांबता 2016पासून ‘मुक्तिपथ’ अभियानाने गावागावांत संघटना उभ्या केल्या आणि पिणाऱ्यांसाठी उपचाराची सोयही केली. ही दोन्ही कामं बरोबरच व्हावी लागतात.

उपचाराचं तर विचारूच नका. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या, 2019मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दारूचं व्यसन जडलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कसलीतरी मदत मिळते. जून 2025मध्ये मद्यावरचा कर वाढवताना शासनाने वर्षाला 14 हजार कोटींच्या जादा महसुलाची अपेक्षा धरली. त्यातला ठरावीक हिस्सा प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्तीसाठी राखून ठेवा. पुण्याचं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र 1986पासून हे काम करतंय; पण रोजंदारीवरच्या माणसाला पुणे फार लांब पडतं.

मोजणीची अट बदलायला मात्र पैसाही लागत नाही. झालेल्या मतदानातलं बहुमत ग्राह्य धरा, मतदानाआधी यादी दुरुस्त करा आणि ऊसतोडीच्या हंगामात मतदान ठेवू नका. येत्या अधिवेशनात याबद्दल निवेदन करावं, ही विनंती.

आपली,
दारूबंदीचं काम करणारी एक कार्यकर्ती