आवाज नको, स्पीकर चढवा

भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव. तिथे ठणठणाट व्हायचाच. पण तो योगवर्गात कशाला? २०१५ पासून दर २१ जूनला योगदिन आला आणि मैदानात स्पीकरही आला. तो बिचारा जमिनीवर बसून पहिल्या रांगेच्या पोटऱ्यांशी बोलत असतो. शब्द कळतो तो 'श', 'स' अशा बारीक आवाजांमुळे. ते सरळ रेषेत जातात आणि पोटं आडवी आली (आमच्याकडची भाताने पोसलेली!) की तिथेच जिरतात. मागे पोचतो नुसता घुमारा. श्वास घ्यायचा की सोडायचा, हे मागच्यांनी शेजाऱ्याकडे बघून ठरवायचं.

यावर संयोजकांचा उपाय एकच : "आवाज वाढव रे!" म्हणजे पुढच्यांच्या कानठळ्या, आणि मागे तोच घुमारा, फक्त मोठा.

अहो, स्पीकर तिपाईवर चढवा! डोक्यांच्या वर, तोंड किंचित खाली, मागच्या रांगेकडे. स्टँडला म्हणे पैसे नाहीत. पाहुण्यांच्या शाल-श्रीफळाला बरे असतात! वाऱ्याने पडेल, ही दुसरी सबब. पायांवर वाळूची पिशवी ठेवा की. वैनगंगेकाठी वाळूचा तुटवडा? ती तर रात्रीतून ट्रकने जाते.