शरबती गहू आणि नावाची राखण

माळव्याच्या गव्हाची ख्याती आपल्या सभासदांस नव्याने सांगावयास नको. मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक आजही भाव विचारण्यापूर्वी ‘माल शरबतीच ना?’ असे विचारते, आणि त्या एका शब्दाखातर क्विंटलमागे चार पैसे अधिक मोजते. तेव्हा हा शब्द कोणाचा, हा प्रश्न केवळ वकिलांचा नसून आपल्या व्यापाराचा आहे.

पेढीचा मार्का ही त्या पेढीची मालमत्ता होय. तो व्यापारचिन्ह म्हणून नोंदविता येतो आणि दुसऱ्यास विकताही येतो. नव्या शोधाला पेटंट मिळते, पण ते वीस वर्षांनी संपते. परंतु जो माल विशिष्ट भूमीच्या गुणाने नावारूपास आला, त्यासाठी १९९९ साली निराळा कायदा झाला व २००३ पासून तो अमलात आला. या ‘भौगोलिक निर्देशा’ची नोंद चेन्नई येथील कार्यालयात होते, दर दहा वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते, आणि ते नाव कोणासही विकता येत नाही. रतलामी शेव व इंदूरची चामड्याची खेळणी यांस अशी नोंद आधीच मिळाली होती. २०२३ साली सीहोर व विदिशा जिल्ह्यांतील शरबती गव्हासही ती मिळाली.

काही व्यापारी बंधू म्हणतात, बियाणे एकच असता गाव पाहण्याचे कारण काय? हे म्हणणे वरवर सयुक्तिक वाटते. परंतु काळी कसदार जमीन आणि थोडक्या पाण्यावर पीक घेण्याची रीत यांवाचून दाण्यास ती चमक व गोडी येत नाही. शिवाय आपल्याच राज्याने १३ जिल्ह्यांतील तांदळास ‘बासमती’ हे नाव मिळावे म्हणून न्यायालयाची पायरी चढली. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण फेरविचारार्थ मद्रास उच्च न्यायालयाकडे धाडले. एका नावासाठी जे राज्य इतके झगडते, तेथील व्यापाऱ्यांनीच घरचे नाव वाटेल त्या गोणीवर छापावे, हे शोभत नाही.

दार्जिलिंग चहाचे उदाहरण पाहावे. २०११ साली युरोपीय संघाने ते नाव नोंदून घेतले आणि मिश्र चहा त्या नावाने विकणाऱ्यांस पाच वर्षांची मुदत देऊन ती प्रथा बंद करविली. परक्यांनी आपल्या नावाचा मान राखावा असे वाटत असेल, तर प्रथम तो आपण राखला पाहिजे. तत्त्वार्थसूत्रात ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे एका मालाच्या नावाखाली दुसरा माल खपविणे, हा अचौर्यव्रताचा अतिचार सांगितला आहे. कायद्याने आज जे सांगितले, ते आपल्या घरात फार पूर्वीपासून सांगितलेले आहे.

म्हणून आमची सूचना अशी : शरबती माल घेताना गाव व आडत्याचे नाव वहीत टिपावे, अन्य जिल्ह्यांचा गहू त्याच्या स्वतःच्या जातीच्या नावाने विकावा, आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी. कायद्यातील ‘उत्पादक’ या संज्ञेत शेतकऱ्याबरोबर माल साफ करून भरणारा व त्याचा व्यापार करणाराही येतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. या कामी अर्ज भरून देण्याची सोय आपल्या संघाने केल्यास लहान पेढ्यांस मोठा आधार होईल.

गोणी रिकामी झाली तर पुढील हंगामात पुन्हा भरते. गिऱ्हाइकाच्या मनातून उतरलेले नाव पुन्हा भरून येत नाही.