स्वभावाला औषध नाही?



आमच्या बुलढाण्याच्या गटातल्या एका कार्यकर्तीला गेल्या वर्षी मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचे निदान झाले. त्याआधीची चार वर्षे आम्ही तिला काय काय म्हटले, ते आज आठवते. बैठकीला उशिरा येते, मोर्चात अर्ध्या वाटेवर बसते, शिबिराचा हिशेब लिहायला घेते नि तसाच टाकते. घरी सासू 'कामचुकार' म्हणायची; आम्ही 'हिची बांधिलकी उरली नाही' म्हणत होतो. शब्द तेवढे आमचे शिकलेले. शेवटी मीच म्हणाले होते, स्वभावाला औषध नाही.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचे आवरण पोखरते. पुरुषांपेक्षा बायकांत तो दुपटीहून अधिक आढळतो, आणि बहुधा विशी ते चाळिशीत, म्हणजे लेकरे अंगावर असतानाच सुरू होतो. बहुतेक रुग्णांना थकवा असतो. दिवसभर कापूस वेचून येतो तसा हा थकवा नव्हे. रात्रभर झोपूनही तो जात नाही. अंग तापले की वाढतो. मलकापूर-शेगावकडचा मे महिना आठवा, आणि त्यात चुलीपुढची बाई.

संशोधकांनी रुग्णांचा स्वभावही तपासला आहे. काळजी करणाऱ्या, लवकर खचणाऱ्या माणसांत थकव्याची तक्रार जास्त, असे काही अभ्यास सांगतात. वाचून मी दचकले. सासूच्या हाती कोलीतच की! पण आधी काय आणि मागून काय? आजार मेंदूतच असतो, तेव्हा चिडचिड, खिन्नता त्यातूनही येते. आणि वर्षानुवर्षे कुणी विश्वासच ठेवला नाही, तर कोणती बाई शांत राहील? (खिन्नतेवर उपचार घ्यायलाच हवेत, हे वेगळे.)

बाईच्या माथी मारलेल्या दुर्गुणांचा जाब विचारायला ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. त्यांच्याच गावात बसून आम्ही एकीला दुर्गुण चिकटवत होतो.

थकव्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या तीन औषधांची अमेरिकेत चाचणी झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिन्ही औषधे औषध नसलेल्या गोळीहून सरस ठरली नाहीत. झेपेल तेवढा व्यायाम, कामाची वाटणी, मधूनमधून विसावा यांनी काहींना बरे वाटते. पण तिने विसावा घ्यायचा तर पाणी कोण भरणार? हा प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत. आपण विचारू शकतो, तिच्या नवऱ्याला.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात हा आजार आहे. मात्र बहुतेक सवलतींसाठी प्रमाणपत्रावर ४० टक्के अपंगत्व लागते, आणि लंगडणे जसे दिसते तसा थकवा दिसत नाही. तपासणीला जाताना तिच्यासोबत कुणीतरी जायला हवे. या खेपेला मी जाणार आहे.

पुढची बैठक दुपारी नाही, सकाळी आठला ठेवली आहे. तिला निरोप दिला. म्हणाली, "येते, पण चटई घालून ठेवा. आडवी होऊनच बोलेन."